‘प्रिपेअर्ड पियानो’ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतर्‍या:
एका कार्यक्रमपत्रिकेचं मराठी करतोय. अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’चं (१९४६-४८) वादन आहे आणि मी ‘प्रिपेअर्ड पियानो’पाशी अडलोय. ‘तयार पियानो’ लिहून पाहिलं, पण येणारे श्रोते ‘तयार गळा’, ‘तयारीचा गवई’ असं बोलणारे. त्यांना वाटेल पियानोच पहाटे उठून रियाज करून आलाय. ‘सज्ज’ म्हटलं तर लढाईला निघाल्यासारखा वाटतो. कुणाला काही सुचतंय का?

विलंबित:
आधी हे सांगा, करतात काय नेमकं? आत खिळे ठोकतात म्हणे.

षड्जपंचम:
ठोकत नाहीत, तारांच्या फटीत अडकवतात. १९४० साली सिएटलमध्ये केजला सिव्हिला फोर्ट या नर्तिकेच्या नाचासाठी संगीत करायचं होतं. त्याच्या डोक्यात तालवाद्यांचा ताफा होता, पण रंगमंचावर मावत होता फक्त पियानो. मग त्याने पियानोचाच ताफा केला. तारांवर थाळी ठेवून पाहिली, ती उड्या मारायला लागली. खिळा सरकून खाली पडला. स्क्रू-बोल्ट मात्र दोन तारांत घट्ट बसले.

पियानोत बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात. बोल्ट दुसरी आणि तिसरीच्या मध्ये बसवला तर स्वर धातूच्या भांड्यासारखा घुमतो, रबर घातलं तर ठक्क असा बंद बोल येतो. डावं पेडल दाबलं की हातोडी बाजूला सरकते, पहिल्या तारेवर पडत नाही आणि त्याच पट्टीतून वेगळाच आवाज निघतो. तुमच्या या रचनेत ४५ स्वरांवर असा उद्योग केलाय. स्क्रू, बोल्ट, नट, रबर, प्लॅस्टिक, शिवाय एक खोडरबरसुद्धा. कुठली वस्तू कुठल्या तारांत, डॅम्परपासून (तारेचा आवाज थांबवणार्‍या गादीपासून) किती इंचांवर, याचा तक्ताच स्वरलिपीच्या आधी छापलेला असतो. तेव्हा ‘खिळ्यांचा पियानो’ नको, खिळा तर पहिल्याच दिवशी नापास झाला.

धूमपुडी:
आपल्याकडे हे नवीन थोडंच आहे! पखवाजाच्या धूमेला, म्हणजे डाव्या पुडीला, कणीक लावतात, वादन झालं की खरवडून काढतात. तंबोर्‍यात तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलवतात. कुणी ‘प्रिपेअर्ड पखवाज’ म्हणतं का? ‘कणीक लावली का रे?’ एवढंच विचारतात. तसं सरळ ‘बोल्ट लावलेला पियानो’ म्हणा.

आणि पखवाजाचा संबंध मी ओढूनताणून आणत नाहीये. १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केजला हिंदुस्थानी संगीताची ओळख करून देणार्‍या अहमदाबादच्या गीता साराभाई स्वतः पखवाज वाजवायच्या. बदल्यात त्या त्याच्याकडून पाश्चात्त्य काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वतंत्र सुरावटी गुंफायची कला, शिकल्या. ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’मागे आपल्या नवरसांची कल्पना आहे, असं केजनेच सांगितलंय. पत्रिकेत हे जरूर घाला, श्रोते कान टवकारतील.

विलंबित:
नवरसांचं माहीत नव्हतं, झकास. पण ‘लावलेला’ला माझी हरकत आहे. आपण पेटी सोडून सगळंच ‘लावतो’. ‘लावलेला पियानो’ म्हणजे सुरात मिळवलेला, असाच अर्थ कानावर पडणार. शिवाय कणकेविना धूम बोलतच नाही, ती त्या वाद्याची गरज आहे. पियानोचं बोल्टावाचून काही अडत नाही. ‘संस्कारित पियानो’ कसं वाटतं?

धूमपुडी:
संस्कारित पियानो संध्याकाळी शुभंकरोती म्हणेल. 😀

षड्जपंचम:
‘साज चढवलेला पियानो’? साज चढवता येतो तसा उतरवताही येतो, आणि इथे तेच महत्त्वाचं आहे. वादन संपलं की बोल्ट काढायचे, दुसर्‍या दिवशी त्याच पियानोवर शोपँ वाजवायचा.

विलंबित:
साज म्हणजे वाद्यही. वाद्यावर वाद्य चढवणार?

षड्जपंचम:
इथे ते पथ्यावरच पडतं. एका पियानोत अख्खा वाद्यमेळ बसवलाय ना त्याने!

भाषांतर्‍या:
हे पटलं. पहिल्या उल्लेखात ‘प्रिपेअर्ड पियानो, म्हणजे तारांमध्ये बोल्ट, रबर वगैरे अडकवून साज चढवलेला पियानो’ असं लिहितो आणि पुढे नुसतं ‘साज चढवलेला पियानो’. ‘तयार’ बाद. तो तक्ता पत्रिकेत छापायचा आहे, त्याला ‘साजाचा तक्ता’ म्हणेन. आता बोल्ट आणि स्क्रूला मराठी शब्द सुचवू नका, ते तसेच राहणार आहेत.