बरणीत मोहरी किती दाणे? विज्ञान प्रकल्पासाठी रीत हवी

प्रश्न (आठवीची_आई):
मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक लिटरची काचेची बरणी मोहरीने भरली आहे. दाणे किती ते अंदाजाने काढायचं आहे. बाईंनी दोन वेगळ्या रीती आणि चूक किती असू शकते, दोन्ही मागितलं आहे. घरचा स्वयंपाकाचा काटा १ ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही. शंभर दाणे ठेवले तर काटा शून्यावरच! काय करावं?

बीजपरीक्षक:
शंभर दाणे जेमतेम पाव-अर्धा ग्रॅम भरतात, तो काटा काय दाखवणार? ०.०१ ग्रॅमपर्यंतचा छोटा काटा मिळवा. ओळखीच्या सराफाकडे असतोच.

बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत हेच काम रोज चालतं. शंभर-शंभर दाण्यांचे आठ गट मोजून प्रत्येकाचं वजन वेगळं लिहायचं. समजा वजनं ०.३१, ०.३३, ०.३२, ०.३१, ०.३३, ०.३३, ०.३१, ०.३२ आली. सरासरी ०.३२ ग्रॅम. बरणीतल्या मोहरीचं वजन ६८० ग्रॅम असेल, तर ६८० ÷ ०.३२ × १०० = २,१२,५००. आता एक खोच आहे. हा काटा ०.०१ च्या टप्प्याने दाखवतो, म्हणजे ०.३२ हे आकडे ०.३१५ ते ०.३२५ मधलं काहीही असू शकतं. म्हणून शेवटी आठशे दाणे एकत्र ठेवून वजन घ्या. २.५६ ग्रॅम आलं की तीच अर्ध्या टप्प्याची चूक आठ पटीने कमी होते. तक्त्यावर २,१२,५०० लिहू नका, "सुमारे २ लाख १० हजार" लिहा. शेवटच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

गटांचा फैलाव (प्रमाण विचलन, म्हणजे वजनं सरासरीपासून साधारण किती हटतात ते; सर्वात जड आणि हलक्या गटातला फरक नव्हे) सरासरीच्या ४ टक्क्यांपेक्षा जास्त आला तर मोजणी पुन्हा करा. बहुतेक वेळा कुठेतरी ९८ किंवा १०३ दाणे गेलेले असतात. मोहरी आधी चाळा आणि पाखडा, काड्या-खडे वजनात जातात. प्लास्टिकच्या वाटीत दाणे घेऊ नका, ते कडेला चिकटून बसतात. स्टीलची वाटी बरी.

चिमूट:
नमुना कुठून घेता तेही लिहा. बरणी हलवली की मोठे दाणे वर येतात, तळाशी बारीक राहतात. वरून मूठभर घेतली की दाणे जड निघतात आणि एकूण संख्या कमी येते. सगळी मोहरी वर्तमानपत्रावर ओता, ढीग होईल. ढिगात मोठे दाणे घरंगळून कडेला जातात, म्हणून मधूनच किंवा कडेनेच न घेता पट्टीने पोळीच्या तुकड्यासारखे चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन ठेवा, दोन काढा. हे दोन-तीनदा करा.

तागडीवाला:
सराफाचा काटा नसेल तरी अडत नाही. ६८० ग्रॅममधून घरच्या काट्याने ८५ ग्रॅम घ्या, म्हणजे आठवा भाग झाला. पुढे पट्टी, दोरा आणि दोन सारख्या वाट्यांची तागडी करून पाच वेळा निम्मे करत जा. ८५ ÷ ३२ म्हणजे सुमारे २.७ ग्रॅम, साधारण आठशे-साडेआठशे दाणे. ते मोजा आणि २५६ ने गुणा. तागडी किंचित एका बाजूला झुकत असेल आणि दरवेळी त्याच बाजूचा अर्धा घेतलात, तर चूक साचत जाते. एकदा डावा, एकदा उजवा घ्या.

आठवीची_आई:
धन्यवाद. ही झाली वजनाची रीत. दुसरी कुठली? एका मैत्रिणीने दाण्याचा व्यास मोजून आकारमानाने काढायला सांगितलं.

बीजपरीक्षक:
चालेल, पण एकेका दाण्याला पट्टी लावू नका. वहीच्या घडीत पन्नास दाणे रांगेत लावा. रांग ८.८ सेंटिमीटर भरली तर व्यास १.७६ मिलिमीटर, दाण्याचं आकारमान सुमारे २.८५ घन मिलिमीटर. सगळे इथेच फसतात: १० लाख घन मिलिमीटरला २.८५ ने भागून साडेतीन लाख म्हणतात. दाण्यांमधल्या फटी कोण धरणार? सैल ओतलेले गोल दाणे जागेच्या साधारण ६० टक्केच भरतात, ठोकून बसवले तर ६४ टक्क्यांपर्यंत. ६० धरलं की उत्तर सुमारे २ लाख १० हजार. व्यासात १० टक्के चूक झाली तर संख्येत ३० टक्क्यांच्या आसपास होते, कारण व्यासाचा घन घ्यावा लागतो. बरणी काठोकाठ भरल्यावर नेमकी किती मावते ते पाण्याने मोजा, "एक लिटर" हा दुकानदाराचा शब्द. मग नीट वाळवूनच मोहरी भरा.

चिमूट:
खुणेची रीतही आहे, पण मोहरीला नको, पांढऱ्या चवळीला करा. २०० दाण्यांवर मार्करचा ठिपका द्या, बरणीत परत मिसळा, २५० काढा. खुणेचे १० आले तर २०० × २५० ÷ १० = ५,०००. मात्र १० ऐवजी ८ आले तर ६,२५०, १२ आले तर ४,१६७! एवढं डळमळीत उत्तर प्रदर्शनात पटत नाही. ५०० वर खूण करा आणि हजार काढा. शंभरेक खुणेचे आले की चूक १० टक्क्यांच्या आसपास येते. ऑइल पेंट लावू नका, दाणे एकमेकांना चिकटतात आणि नीट मिसळत नाहीत.