मदत हवी आहे: निवेदिका गुपित लपवते आहे की मी? कादंबरी अकराव्या प्रकरणात रुतली

नमस्कार. दहा-बारा कथा लिहिल्यावर पहिल्यांदाच कादंबरीला हात घातला आणि नेमकी मधोमध अडकले आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

कथानक असं: वडील गेल्यावर दोन भावंडांत घरावरून वाद. मृत्युपत्रावरची सही खोटी असल्याचा धाकट्या भावाला संशय आहे आणि तो त्याच्या मागे लागतो. गोष्ट सांगते थोरली बहीण, प्रथमपुरुषी. सही खोटीच आहे, आणि ती हिनेच केली आहे. वाचकाला हे एकोणिसाव्या प्रकरणात कळावं असा बेत. एकूण प्रकरणं २४, शब्द अंदाजे ८०,०००. आजवर ११ प्रकरणं आणि ३७,००० शब्द झालेत.

तयारीत कसूर केली नव्हती. आधी एका वाक्यात गोष्ट, मग एका परिच्छेदात, मग प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड. अमेरिकन कादंबरीकार फॉकनरने एका कादंबरीचा आराखडा, वारांप्रमाणे, आपल्या खोलीच्या भिंतीवरच लिहिला होता हे वाचल्यापासून माझा भिंतीवर डोळा होता. घरच्यांच्या विरोधामुळे कपाटाच्या दारावर भागवलं. पात्रांचे तक्ते भरले. बाईंचा चष्म्याचा नंबर, डाव्या गुडघ्याचं दुखणं, सगळं मला ठाऊक आहे.

मग सात प्रकरणं मैत्रिणीला वाचायला दिली. ती म्हणाली, "काहीतरी लपवलं जातंय हे कळतं गं. पण ती नाही लपवत, तू लपवते आहेस."

पुन्हा वाचून पाहिलं तर खरंच. बाई एकटी बसून विचार करू लागली की दारावरची बेल वाजते. पाच प्रकरणांत तीन वेळा, चौथ्या वेळी फोन. जिने सही केली तिच्या मनात सही येणारच. ती येऊ नये म्हणून मी घरभर पाहुणे बोलावत सुटले आहे.

एक प्रकरण तृतीयपुरुषी लिहून पाहिलं. अडचण सुटली, पण बाईंच्या बोलण्यातला तिरकसपणा गेला, आणि या कादंबरीत दम आहे तो तेवढाच. निम्मी प्रकरणं भावाला द्यावीत तर तोही माझ्याच आवाजात बोलायला लागतो. गुपित आधीच फोडलं तर पुढची दोनशे पानं वाचक का वाचेल?

शिवाय, बदल करायचाच तर पहिल्यापासून पुन्हा लिहू, की बदल झालाय असं धरून बाराव्यापासून पुढे जाऊ?

प्रतिसाद १
एकच विचारतो. बाई हे कुणाला सांगतेय आणि कधी? घटना घडताना, की सगळं निस्तरल्यावर? चष्म्याचा नंबर नसला तरी चालेल, हे माहीत हवं.

प्रतिसाद २
निवेदकाने लपवणं म्हणजे फसवणूकच, असं नाही. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या १९२६च्या रहस्यकथेत निवेदक मधली काही मिनिटं सरळ गाळतो. (नाव घेत नाही, कुणाची तरी वाचायची राहिली असेल.) तेव्हाही त्यावरून वाद झालेच. पण तिथे ते गाळणं त्याच्या स्वभावात बसतं, स्वतःच्या चतुराईवर तो मनातून खूश असतो. तुमची बाई तशी आहे का? वर्णनावरून वाटत नाही.

दुसरं, चित्रपट दिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आठवा. प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाचा धक्का पंधरा सेकंदांचा. आधीच दाखवला तर त्याच टेबलावरच्या रटाळ गप्पा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. भाऊ घरी येऊन तिच्याशेजारी बसून कागद तपासतोय आणि सही कुणाची हे आपल्याला माहीत आहे! मला तर हे वाचायला आवडेल.

प्रतिसाद ३
मागे जाऊ नका. बाराव्या प्रकरणाच्या वर एक ओळ लिहा, "वाचकाला सही माहीत आहे", आणि पुढे चला. मी पहिली तीन प्रकरणं चार वर्षं घासत बसलो. ती आता फार गुळगुळीत झालीत, चौथं अजून नाही.

धागाकर्ती
सर्वांचे आभार. प्रतिसाद १ चं उत्तर माझ्याकडे नव्हतं, याचीच लाज वाटली.

दोन दिवस कार्डांशी खेळले. सहीचं कार्ड एकोणिसावरून उचलून तिसऱ्यावर चिकटवलं आणि उरलेली एकेक करून वाचली. आठ कार्डं निकामी झाली, त्यांतली बहुतेक बेलवाली. पण भाऊ तिला तिचं जुनं पत्र मागतो, 'अक्षर ताडून बघू' म्हणून, तो प्रसंग मी निव्वळ भरती म्हणून ठेवला होता. आता तिथेच हात थरथरतो.

ती हे भावाला सांगते आहे, असं सध्या धरलंय, सगळं संपून बऱ्याच वर्षांनी. त्यामुळे आणखी एक तिढा झालाय: समोर तोच बसलेला असेल तर त्याला माहीत असलेल्या गोष्टी ती पुन्हा का सांगेल? वडिलांचा आजार, घराची रचना, हे वाचकापर्यंत पोचवायचं कसं? कुणी असं संबोधून लिहिलं असेल तर सांगा. बारावं प्रकरण काल सुरू केलं आहे.