खरड छाटणीच्या उन्हात सनस्क्रीन टिकतं का?

बागवाली_मणेराजुरी
सकाळच्या शाळेला मुलीला स्कूटीवरून सोडते आणि तशीच द्राक्षबागेत जाते. एप्रिलची खरड छाटणी चालू आहे. पानं गेली की मांडव उघडा पडतो, डोक्यावर सावली म्हणून राहत नाही. माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आलेत. डॉक्टरांनी एसपीएफ ५० रोज लावायला सांगितलंय. लावते, पण अकरा वाजेपर्यंत ते घामाबरोबर डोळ्यांत उतरतं आणि अशी आग होते की कात्री खाली ठेवावी लागते. सासूबाई म्हणतात, पदर पुढं ओढला की झालं. उन्हात राबणाऱ्या कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

मिरजेची_ताई
सासूबाईंचं खरं आहे गं. पदर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी हे आधी, क्रीम त्याच्या जोडीला. कपाळाला सुती पट्टी बांध, घाम तिथंच जिरतो. डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडचं लाव, कमी झोंबतं. पांढरट दिसतं, दिसू दे.
आणि किती लावतेस? अंगठ्याशेजारची दोन बोटं, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत भरून रेघ, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. मी वाटाण्याएवढं लावायचे आणि गुण येत नाही म्हणून रडायचे. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे किरण, अडवतं, ५० सुमारे ९८. म्हणजे फरक थोडाच. घाम पुसून दर दोन तासांनी परत लावण्यानं जास्त फरक पडतो.

पलूसकर
कळकळीनं सांगते, डाग घालवायला मेडिकलमधून मनानं ट्यूब आणू नका. मी आणली होती. पंधरा दिवस चेहरा उजळला, मग लालभडक झाला, गालांवर लव वाढली, अंगणात आलं तरी चटका बसायचा. त्यात स्टिरॉइड होतं. सावरायला वर्ष गेलं.
वांग डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही वाढतो, साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं मिळतं. त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

बागवाली_मणेराजुरी
दोघींचे आभार. मीही वाटाण्याएवढंच लावत होते. आज जेवणाच्या सुट्टीत तोंड धुऊन, कोरडं करून परत लावलं. पट्टीनं डोळे वाचले. माझ्याबरोबर सात बायका छाटणीला असतात, दोघींच्या गालांवर असेच डाग आहेत. जुन्या सुती साडीच्या सगळ्यांसाठी पट्ट्या फाडल्यात. उद्यापासून एक ट्यूब पाण्याच्या घागरीशेजारी, सावलीत ठेवणार आहे.