लॅन गेमिंगला सोबत नेण्यासाठी दुसरा संगणक: जुने भाग वापरावेत की नवे घ्यावेत?

प्रश्न

आम्ही काही मित्र अधूनमधून कोणा एकाच्या घरी जमून रात्रभर लॅनवर, म्हणजे केबलने एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर, खेळतो. ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हे आमचे ठरलेले खेळ. घरचा मुख्य संगणक जड टॉवर कॅबिनेटमध्ये असून त्यावर पत्नीचे कार्यालयीन काम चालते, म्हणून तो उचलून नेता येत नाही. माझ्याकडे इंटेल आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड आणि ८ जीबी डीडीआर३ रॅम पडून आहे. सहज नेता येईल असा संगणक यातूनच तयार करावा, की नवे भाग घ्यावेत?

उत्तर १

तुम्ही सांगितलेल्या खेळांसाठी हा प्रोसेसर त्यातल्या अंगभूत ग्राफिक्ससह पुरेसा आहे, त्यामुळे ग्राफिक्स कार्डावर खर्च करू नये. जुनी हार्ड डिस्क मात्र काढून २.५ इंची साटा एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवावी, कारण तिच्यात फिरणारा भाग नसल्याने प्रवासातल्या धक्क्यांची भीती राहत नाही. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) बरीच वर्षे वापरलेला असेल, तर तोही नवा आणि नावाजलेल्या कंपनीचा घ्यावा. माझ्या मते या जुळणीत काटकसर करू नये अशी हीच एक जागा आहे. एक मर्यादा ध्यानात असू द्या: विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो, तुमचा चौथ्या पिढीचा आहे, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट्स थांबली. त्यामुळे हा संगणक लॅनपुरताच ठेवावा, त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

उत्तर २

वरील सल्ला आजच्यापुरता योग्य आहे, पण मंडळी नव्या खेळांकडे वळली तर हा संगणक लगेच अपुरा पडेल. घरातही उपयोगी पडेल असा संगणक हवा असेल, तर रायझन ५ ५६००जी हा ६ कोअरचा, ६५ वॅटचा प्रोसेसर पाहावा. त्याचे अंगभूत ग्राफिक्स रॅमच्या वेगावर चालते, म्हणून १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात, म्हणजे दोन्ही एकत्र चालून वेग वाढतो. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७ × १७ सेंटिमीटरचा असतो आणि त्याचे कॅबिनेट पाठपिशवीतही मावू शकते, परंतु आपल्याकडे असे बोर्ड महाग मिळतात आणि त्यांत निवडीला फारसा वाव नसतो, त्यामुळे मी त्याहून थोडा मोठा मायक्रो-एटीएक्सच सुचवेन. प्रोसेसरवर उंच, जड कूलर बसवू नये. पुढे ग्राफिक्स कार्ड घेतलेत, तर प्रवासात ते काढून अँटिस्टॅटिक पिशवीत वेगळे न्यावे, आणि गाडीत कॅबिनेट असे आडवे ठेवावे की मदरबोर्ड खाली सपाट राहील. कार्ड आतच राहिले, तर उभ्या कॅबिनेटमध्ये त्याचा बराचसा भार प्रत्येक खड्ड्यागणिक मदरबोर्डावरच्या स्लॉटवर येतो.

उत्तर ३

संगणक कोणताही न्या, अशा रात्री वेळ वाया जातो तो नेटवर्क आणि विजेपायी. आठ पोर्टचा गिगाबिट स्विच (सगळ्यांच्या केबल जोडायची पेटी) आणि प्रत्येकाची स्वतःची लांब कॅट-६ केबल असावी. ३० जीबीचा खेळ एका संगणकावरून दुसऱ्यावर घेताना १०० एमबीपीएसच्या जुन्या स्विचवर सुमारे ४० मिनिटे जातात, तेच काम गिगाबिटवर पाचेक मिनिटांत होते. साधा स्विच आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक संगणकाची ओळख ठरवणारे आकडे) वाटत नाही. त्यासाठी पडून असलेला एखादा वायफाय राउटर जोडावा, किंवा प्रत्येकाने १९२.१६८.१०.१, १९२.१६८.१०.२ असे पत्ते हाताने भरून सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवावा. त्यानंतरही सर्व्हर दिसत नसेल, तर विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ ऐवजी ‘प्रायव्हेट’ करावे आणि फायरवॉलमध्ये त्या खेळाला परवानगी द्यावी.

विजेचा हिशेब आधीच करावा. ६ अँपिअरच्या सॉकेटवरून २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट मिळतात. ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर धरून एका संगणकाला खेळताना २५० वॅट लागले, तर पाच संगणकांतच ती मर्यादा जवळजवळ गाठली जाते. म्हणून सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर न लावता वेगवेगळ्या एमसीबींवरच्या (भार वाढला की आपोआप वीज तोडणाऱ्या बटणांवरच्या) दोन खोल्यांतून वीज घ्यावी आणि सॉकेटला अर्थिंग आहे याची यजमानांकडून आधी खात्री करून घ्यावी.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. सध्या जुन्या भागांवर एसएसडी आणि नवा एसएमपीएस घालतो, कॅबिनेट मात्र मायक्रो-एटीएक्सचे घेतो, म्हणजे पुढे मदरबोर्ड बदलला तरी तेच चालेल. स्विच आणि केबलचा खर्च आम्ही सगळे वाटून घेऊ.