पार्किन्सनच्या गोळीने त्वचेचा कॅन्सर होतो का?

देवगडकर: बाबांना पार्किन्सन, त्यावर लेव्होडोपाची गोळी चालू. सारा जन्म रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढायची मासेमारी), पाय अनवाणी. हल्ली टाचेवर काळा डाग दिसतोय. ते म्हणतात, "कालवाची धार लागली, जायत" (शिंपला लागलाय, जाईल). व्हॉट्सॲपवर फिरतंय की गोळीनेच मेलॅनोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर) होतो. गोळी बंद करू?

रत्नागिरीची नर्स: गोळी परस्पर बंद करू नका हो! एकदम थांबवली तर अंग ताठतं, ताप चढतो, जिवावर बेतू शकतं. संशयाला कारण आहे: लेव्होडोपापासून मेंदूत डोपामाइन बनतं आणि त्वचेचं रंगद्रव्य मेलॅनिन, तेही लेव्होडोपापासूनच. म्हणून १९७०च्या दशकापासून गोळीवर बोट. पण मेयो क्लिनिकच्या २०१७च्या अभ्यासात पार्किन्सनच्या रुग्णांना पार्किन्सनच्या आधीच मेलॅनोमा होऊन गेल्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट निघालं. मग गोळीचा दोष कसा? उलट दिशेनेही तसंच, मेलॅनोमावाल्यांत पार्किन्सन जास्त. अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन दोन्ही आजारांत सापडतं.

वेंगुर्लेकर: आपल्याकडे मेलॅनोमा मुळात कमी. पण होतो तो बहुधा तळपायाला, नाहीतर नखाखाली. उन्हाचा तिथे फारसा संबंध नाही.

नर्स: म्हणूनच डाग त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. वाढतोय का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, तेवढं आधी बघा.

देवगडकर: वाढलाय. सोमवारी नेतो, बाबा कितीही कुरकुरले तरी.