खडे बाजार, खिशातला कॅमेरा आणि राखेसारखे फोटो

शहापूरकर:
मंडळी, मित्राकडून वापरलेला कॉम्पॅक्ट (छोटा) कॅमेरा घेतलाय. एक इंची सेन्सर, २८ ते १०० झूम, शर्टाच्या खिशात मावतो. दोन महिने झाले, दर रविवारी सकाळी साडेसहाला आपल्या बेळगावात खडे बाजार, गणपत गल्ली करत कपिलेश्वरापर्यंत चालतो आणि कृष्णधवल फोटो काढतो.

पण फोटो राखुंडी फासल्यासारखे येतात. ओली फरशी, पितळी तराजू, टोमॅटोचा ढीग, डोळ्याला सगळं वेगळं दिसतं, स्क्रीनवर एकच करडा लगदा. त्यात पावसाळी अंधार असला की कॅमेरा फोकस शोधत बसतो. परवा एक हमाल पोतं घेऊन समोरून आला. फोकस लागेपर्यंत गडी पांगुळ गल्लीत पोचला होता.

आणि फुलवाली आज्जी मला बघितलं की टोपली झाकते. "कार्पोरेशनचा काय रे तू? फोटो कशाला काढालास?" काय सांगायचं तिला?

शिवाय, कॅमेऱ्यातच कृष्णधवल ठेवू, की रंगीत काढून घरी आल्यावर रंग काढून टाकू?

जुना रीळवाला:
स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत माझी बोटं पिवळी झालीत, म्हणून थोडं लांबण लावतो.

आम्ही उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचं 'इंदू' रीळ वापरायचो. तेव्हा नेम असा होता की सावली सांभाळा, उजेडाचं काय ते प्रिंट करताना बघून घेऊ. डिजिटलला नेमकं उलटं. गांधी टोपी एकदा जळाली, म्हणजे नुसती पांढरी झाली, की जळाली, मग घरी कितीही घासा, तिच्यावरची घडी परत येत नाही. म्हणून एक्स्पोजर उणे ०.७ वर ठेवा, म्हणजे फोटो जरा गडदच येऊ दे. मागचा दुकानाचा दरवाजा काळा पडतो, पडू दे. तुमच्या करड्या लगद्याचा निम्मा इलाज तिथंच आहे.

उरलेला निम्मा रंगाचा आहे. लाल टोमॅटो आणि हिरवी कोथिंबीर डोळ्याला वैरी दिसतात, पण दोन्हींचा उजळपणा सारखा असला तर कृष्णधवलमध्ये सख्खे भाऊ. (आपल्या गावात झेंड्यांच्या रंगावरून काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कृष्णधवलमध्ये सगळेच करडे, काढत बसा भांडण.) लाल फिल्टर, म्हणजे लेन्सवर लाल काच, लावला की टोमॅटो उजळतो, कोथिंबीर गडद होते. हे घरीही करता येतं, पण फाइलमध्ये रंग शिल्लक असला तर. म्हणून रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग (कॅमेऱ्यानं तयार केलेला फोटो) दोन्ही ठेवा. कॅमेरा कृष्णधवलवर ठेवला की स्क्रीनवर आणि जेपेगमध्ये काळं-पांढरं, रॉमध्ये रंग सगळे जागेवर. एक मात्र करा, माणूस जवळ असेल तर लाल फिल्टर नको. ओठ चेहऱ्यात विरघळतात, माणूस आजारी दिसतो. पिवळा बरा.

फोकसचं सोपं आहे. ऑटोफोकस बंद करा. झूम २८ वरच (सगळ्यात रुंद), लेन्सचं छिद्र एफ ४, मॅन्युअल फोकस अडीच मीटरवर. तुमच्या सेन्सरला सव्वा मीटरपासून गल्लीच्या टोकापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. शटर १/२५० सेकंद, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ऑटो, ३२०० पर्यंत जाऊ दे, दाणे दिसले तर बिघडत नाही. रिको जीआर या खिशातल्या कॅमेऱ्यात यालाच 'स्नॅप फोकस' म्हणतात, तिथं अंतर आधीच बांधून ठेवता येतं. तुम्ही हातानं करा. अडीच मीटर म्हणजे तीन-साडेतीन पावलं. आठ दिवस नुसती पावलं मोजत फिरा, हमाल सुटणार नाही.

वडगावचा मागवाला:
आमच्याकडं मागाच्या खोलीत येणार असाल तर झूम आत-बाहेर करू नका. हवेत धाग्याची तूस असते, लेन्सच्या नळीतून ती आत जाते. माझ्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात एक केस आहे. तीन वर्षं झाली.

खानापूरची पोर:
आज्जी टोपली झाकते म्हणजे ती 'नको' म्हणालीय, एवढं तरी कळू दे की वो. आधी दहा रुपयांची फुलं घ्या, मग विचारा. कन्नड बोलणारी असेल तर "वंद फोटो तेगीलेन्री?" (एक फोटो काढू का?) एवढं पुरतं, उच्चार चुकला तर हसून हो म्हणतात. पुढच्या खेपेला ४ बाय ६ ची प्रिंट नेऊन द्या. मोबाइलवर दाखवलेला फोटो तिचा होत नाही.

निपाणीकर:
आणि फिरत फिरत कॅम्पात गेलात तर कॅमेरा खिशातच. लष्कराच्या मराठा लाईट इन्फन्ट्रीचा परिसर आहे, तिथं 'कृष्णधवल आहे हो' हे कारण चालत नाही.

शहापूरकर:
तीन रविवार गेले, आता कळवतो. उणे ०.७ नं जादू केली. टोपीवरची शिवण दिसते! हमाल अजून सापडला नाही, पण गाडीवरून उसाच्या मोळ्या उतरवणारा एक पोरगा अगदी तीन पावलांवर मिळाला.

आज्जीकडं आधी शेवंती घेतली, मग विचारलं. पदर सारखा केला आणि बसली. प्रिंट छान आली होती, नाकातली चमकी सुद्धा चमकत होती. नेऊन दिली. तिनं उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाली, "माझी अबोली कुठं गेली रे? कलरला पैसे कमी पडले काय?"

रॉ फाइल होती म्हणून वाचलो. काल रंगीत काढून दिली, तिनं देवाच्या तसबिरीशेजारी खोचली. काळी-पांढरी मला परत केली, "ही तूच ठेव" म्हणून.