‘बसल्या बसल्या मोदक तर वळशील?’ याला काय उत्तर द्यावं?

रुमेटॉइड आर्थ्रायटिस (सांधे सुजण्या-आखडण्याचा आजार) आहे, औषधं चालू आहेत. गणपतीत सासरी थकव्याबद्दल कसं सांगावं?

उत्तर १: ‘दमते’ म्हणू नका, दमतात सगळेच. काम आणि वेळ सांगा: ‘सकाळी तासभर बोटं आखडलेली असतात. दहानंतर अर्धा तास भाजी निवडेन, मग वीस मिनिटं आडवी होईन.’ आणि मोदक म्हणजे बसून करायचं हलकं काम नव्हे! पारीला कळ्या पाडताना चिमटीचा जोर बोटांच्या लहान सांध्यांवर येतो, आणि या आजारात सुजतात नेमके तेच. साचा मागा. उकड मळणं दुसऱ्याकडे द्या.

उत्तर २: हे आदल्या दिवशीच सांगा, ऐनवेळी सांगितलं की सबब वाटते. शक्यतो नवऱ्याने आईशी बोलावं. बरं वाटतंय म्हणून सगळं एका दमात उरकू नका. त्याची वसुली बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी होते, आणि पाहुण्यांना आदल्या दिवशीचा उत्साहच आठवतो.

उत्तर ३: ‘रिपोर्ट तर चांगले आहेत ना?’ हेही येणारच. ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) नॉर्मल असूनही थकवा राहू शकतो, एवढंच सांगा. मात्र तो अचानक वाढला तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.